रडणं, मोबाइल आणि आपण

सांडोरच्या पालकहो, मुलांच्या हट्टाविषयी बोलण्याआधी तुमच्या संध्याकाळविषयी बोलू. विरार लोकलच्या गर्दीतून वसई रोडला उतरायचं, रिक्षा पकडायची, घरात पाऊल टाकतो न टाकतो तोच पोर मोबाइल मागतं. तुम्ही ‘नाही’ म्हणता. ते भोकाड पसरतं, लोळण घेतं. थोड्या वेळानं मोबाइल त्याच्या हातात आणि घर चिडीचूप.

रडलं की मिळतं, हे पोर शिकलं. ते दिसतंच. पण तुम्हीही काहीतरी शिकलात: मोबाइल दिला की कटकट थांबते. नकोसं काही थांबलं, की ते थांबवणारी कृती पुन्हा करावीशी वाटते. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं याला ऋण प्रबलन म्हटलं. (बी.एड.चे विद्यार्थीसुद्धा याचा अर्थ ‘शिक्षा’ असा लावतात. शिक्षेनं वर्तन दबतं, प्रबलनानं वाढतं.) म्हणजे पोरही तुम्हाला वळण लावतंय, आणि बऱ्यापैकी यशस्वीपणे.

त्याहून वाईट म्हणजे आपली धरसोड. सोमवारी ठाम नकार, मंगळवारी नकार, बुधवारी पाहुण्यांसमोर शोभा नको म्हणून दिला. स्किनर आणि त्यांचे सहकारी फर्स्टर यांनी 1957 मध्ये कबुतरांवरच्या प्रयोगांचं जाडजूड पुस्तक काढलं. दर वेळी दाणे मिळणारं कबुतर दाणे बंद झाल्यावर लवकर थांबतं. अधूनमधूनच मिळणारं कितीतरी वेळ चोच मारत राहतं. आपण बुधवारी नेमकी ही चिकाटी शिकवतो. म्हणून द्यायचाच असेल तर रडण्याआधी द्या. नाही म्हटलंत तर मग नाहीच. पहिले काही दिवस रडणं वाढू शकतं; उपाय फसला असं समजू नका. आणि आजीला आधी विश्वासात घ्या. दिवसभर पोर सांभाळते ती; निर्णय तिच्यावर लादला तर दुपारी तिच्या खोलीत मोबाइल सुरू झालाच म्हणून समजा, आणि त्यात तिची चूक नाही.

मग चांगल्या गोष्टींना बक्षिसं द्यायची का? इथे मात्र मी स्किनरसारख्या वर्तनवाद्यांपासून थोडी दूर सरकते. 1973 मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रं काढायला आवडणारी बालवाडीतली मुलं निवडली. काहींना प्रमाणपत्राचं आमिष आधीच दाखवलं. पुढे मोकळ्या वेळात हीच मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत बसली. न सांगता अचानक प्रमाणपत्र मिळालेल्यांचा रस मात्र टिकला. शिक्षा नको तशी बक्षिसंही नकोत, हे बालशिक्षणतज्ज्ञ माँटेसरीबाई फार आधी म्हणत होत्या. त्यांचा वारसा घेऊन ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम उभारलं, अनुताई वाघ त्यात आल्या, आणि 1957 मध्ये ते काम कोसबाडला गेलं. दोन्ही गावं आपल्याच पालघर जिल्ह्यातली.

बक्षिसाचा धोका आहे तो आधीच असलेल्या आवडीला. तेव्हा दात घासायला किंवा पाढ्यांना टाळाटाळ होत असेल तर तक्त्यावर चांदण्या खुशाल चिकटवा. सवय लागली की हळूहळू कमी करा. पण पोर आपणहून वाडीत किडे बघत बसलं असेल, तर त्यापायी चॉकलेट देऊ नका. कुठला किडा, एवढंच विचारा.