चारला आणि आठला गप्प राहा

न्यूयॉर्कला गेल्या गेल्या सालसाच्या क्लासला नाव घातलंस, छान केलंस. आता या मावशीचं ऐक आणि आठवडाभर नुसती गाणी ऐक. सगळे पायांच्या मागे लागतात आणि तिथेच अडकतात. सालसा आधी कानात बसावा लागतो.

मोजणी आठाची. एक-दोन-तीन, चारला थांब. पाच-सहा-सात, आठला थांब. आठ मात्रांत पावलं सहाच. नवख्यांना तो रिकामा ठोका सोसत नाही. तिथेही पाय टाकतात, आणि मग सगळं गाणं त्यांच्या मागून धावत येतं. तुझं बालपण भजनातल्या केरव्यावर टाळ्या देण्यात गेलंय, आठ मात्रा तुला नव्या नाहीत.

'एक' सापडत नसेल तर बेसच्या नादी लागू नकोस. तो बहुतेकदा एकच्या आधीच वाजून मोकळा होतो. त्यापेक्षा घंटा ऐक. गाणं रंगात आलं, गायक आणि कोरसचे सवाल-जबाब सुरू झाले, की बोंगोवाला बोंगो सोडून हातात घंटा घेतो. तिचे जाड टोल एक, तीन, पाच, सातवर पडतात. कोंगा या ढोलाचे दोन मोकळे ठोके मात्र चारच्या आणि आठच्या सुमारास येतात, म्हणजे तुझा पाय गप्प असतो तेव्हा कोंगा बोलतो. हे एकदा ऐकू आलं की मोजायची गरज उरत नाही.

सुरुवातीला 'चान चान' लाव, 1997च्या 'ब्वेना व्हिस्टा सोशल क्लब' अल्बममधलं. खरं तर ते सालसा नव्हे, सोन. पण सालसाचं मूळ त्या पूर्व क्युबाच्या सोनमध्येच आहे आणि या गाण्याची लय संथ आहे. सेलिया क्रूझचं 'किंबारा' आत्ता नको, धाप लागेल.

न्यूयॉर्कमध्ये आज ना उद्या कुणीतरी 'ऑन टू'बद्दल विचारेलच. त्यात पुढे-मागे जाण्याचं पाऊल एकऐवजी दोनवर पडतं. एडी टॉरेस यांनी शिकवून शिकवून ती पद्धत रुळवली, आणि तिच्यामागे 1950च्या दशकातल्या पॅलेडियम बॉलरूममधला मांबो आहे. तुझा क्लास जे शिकवेल ते घे. दोन्ही एकदम शिकायला जाऊ नकोस, धड एकही येणार नाही.

पाऊल लहान ठेव, आपल्या तळव्याएवढं. अर्धवट टेकवू नकोस, वजन पूर्ण त्या पायावर टाक, नाहीतर पुढचा पाय कुठला हेच कळत नाही. आणि कंबर मुद्दाम हलवू नकोस, फार वाईट दिसतं. गुडघा वाकवून वजन नीट टाकलंस की ती आपोआप हलते.

लीड करणारा काय करणार याचा अंदाज बांधू नकोस. टर्न येणार असं वाटून आधीच फिरणाऱ्या मुली मी खूप पाहिल्यात, हुशार मुलीच जास्त करून. हात शिजलेल्या शेवयांसारखा लुळा नको, ताठही नको. बोटं नुसती अडकव, अंगठ्याने धरू नकोस. वळताना मनगट मुरगळतं ते त्या अंगठ्यामुळेच. जमलं तर लीडही शिकून घे. ते पुरुषांचंच काम असं कुठे लिहिलंय?

रबरी तळाचे बूट नकोत. पाय जमिनीला चिकटतो आणि गुडघा फिरतो. चामडी किंवा स्वेडचा तळ बघ. अंगठ्या, घड्याळ, लोंबती कानातली घरी ठेव. वेणीही नको, समोरच्याच्या तोंडावर फटकारा बसतो; अंबाडा घाल.

नाचता नाचता तुला शिकवू पाहणारा एखादा भेटेलच. हसून सोडून दे. पण कुणी हात पिरगाळत असेल किंवा नको तितकं जवळ ओढत असेल, तर गाण्याच्या मध्येच 'थँक यू' म्हणून बाजूला हो. तिथे आपला संकोच नको. कुणी नाचायला बोलावलं तर नुसतं 'आत्ता नको' म्हटलेलंही चालतं, कारण द्यावं लागत नाही.

पहिल्या सोशलला, म्हणजे नाचाच्या पार्टीला, लवकर जा. बऱ्याच ठिकाणी आधी नवख्यांचा क्लास असतो आणि सुरुवातीला जागाही मोकळी असते. जास्तीचा एक टी-शर्ट आणि नॅपकिन ने. आणि त्या दिवशी जेवणात लसणाची चटणी नको.