घरात गेलेली वर्षे आणि नोकरीचा अर्ज

संस्थेच्या वाचनालयात दर रविवारी विद्यार्थ्यांचे फॉर्म भरून देण्याचे काम आम्ही काही मंडळी करीत असतो. आम्ही बँकेतील कारकून. निम्मे आयुष्य दुसऱ्यांनी भरलेल्या स्लिपांतील चुका शोधण्यात गेले. तोच अनुभव येथे कामी येतो. २०२४ साली रोवणीच्या दिवसांत वॉर्डातील एक ताई मुलीच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म घेऊन आल्या. मुलीचे काम आटोपले, तरी त्या उठेनात. थोड्या वेळाने पिशवीतून घडी केलेला कागद काढून म्हणाल्या, "भाऊ, माझाही एक बायोडाटा पाहून देता का?"

मूल येथील एका खासगी शाळेच्या कार्यालयात लिपिकाची जागा निघाली होती, त्यासाठी तो कागद होता. परंतु आपल्याकडे बायोडाटा म्हटला की लग्नाचाच डोळ्यांपुढे येतो! झेरॉक्सच्या दुकानातील मुलाने तोच नमुना वापरला होता. उंची ५ फूट १ इंच, वर्ण गव्हाळ, वडिलांचे नाव, मामांचे गाव, पतीचा व्यवसाय, सारे काही होते. शेवटी 'अनुभव' या शब्दापुढे लिहिले होते : 'काही नाही. गृहिणी.' त्यांचे वय तेव्हा ४१. लग्नापूर्वी दोन वर्षे त्यांनी एका पतसंस्थेत रोजकीर्द लिहिली होती. २००८ साली लग्न झाले. पुढे दोन मुले, नंतर सासूबाईंचा पक्षाघात. अशी सोळा वर्षे गेली. कुणीतरी त्यांना सुचविले होते की, लेटरहेडवर अनुभवाचा दाखला मिळून जातो, सोळा वर्षांचा खड्डा बुजेल. "तसे करू का?" एवढेच त्यांना विचारायचे होते.

आमचे उत्तर नाही असेच होते, आणि ते केवळ नीतीचे नव्हते. खतावणीत एक नोंद खोटी निघाली की तपासनीस बाकीच्या खऱ्या नोंदींवरही लाल पेन्सिल फिरवतो. ताईंच्या कागदात अशी एक नोंद नकळत आधीच होती. 'बी. ए., २००४, गोंडवाना विद्यापीठ' असे मुलीने सांगितले म्हणून लिहिले गेले. गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले २०११ साली. त्यापूर्वी चंद्रपूर-गडचिरोलीची महाविद्यालये नागपूर विद्यापीठाला जोडलेली होती, आणि त्या विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव मिळाले २००५ मध्ये. म्हणजे २००४ च्या गुणपत्रिकेवर नुसते 'नागपूर विद्यापीठ' असणार. गुणपत्रिकेवर जे छापले आहे तेच लिहावे. तीच गोष्ट नावाची. गुणपत्रिका माहेरच्या नावाची, आधार सासरच्या नावाचे. तेव्हा दोन्ही नावे लिहून विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातील नोंद जोडावी.

आता त्या सोळा वर्षांविषयी. घरकाम हे कामच होय, हे न्यायालयानेही मान्य केले आहे. ५ जानेवारी २०२१ रोजी कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या अपघात भरपाईच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या श्रमाचे मोल धरलेच पाहिजे असे म्हटले. त्या निकालात २०११ च्या जनगणनेचा आकडा आहे : घरकाम हाच मुख्य व्यवसाय सांगणाऱ्या स्त्रिया सुमारे १५ कोटी ९८ लाख, आणि पुरुष जेमतेम ५८ लाख. २०१९ च्या वेळ-वापर पाहणीचाही उल्लेख आहे : बिनमोबदला घरकामात स्त्री दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देते, पुरुष ९७. (आम्ही स्वतः त्या ९७ तही बसत नाही, हे येथे कबूल केलेले बरे.)

परंतु निकाल अर्जाला जोडून नोकरी मिळत नाही. वाचणाऱ्याला एवढेच कळायला हवे की ही बाई आपल्या खुर्चीवरचे काम करील की नाही. म्हणून 'गृहव्यवस्थापक', 'वेळेचे नियोजन', 'कुटुंबाचे नेतृत्व' असले शब्द आम्हाला पसंत नाहीत. ऐकायला गोड, दाखवायला हातात काही नाही. त्याऐवजी ताईंना विचारले, या सोळा वर्षांत घराबाहेर सही कुठे कुठे केली? आधी म्हणाल्या, कुठेच नाही. मग हळूहळू निघाले. २०१५ पासून त्या बचत गटाच्या सचिव. सदस्य १२, प्रत्येकीची बचत दरमहा १०० रुपये, म्हणजे वर्षाला १४,४०० रुपयांचा हिशेब. इतिवृत्त, रोजकीर्द, कर्जाची नोंद, सारे त्यांच्याच अक्षरात. बँकेचे कर्ज तीन वेळा घेऊन तिन्ही वेळा फेडलेले. याखेरीज दोन वर्षे शाळेच्या व्यवस्थापन समितीत पालक सदस्य. आणि हे सारे 'काही नाही' या दोन शब्दांत गेले होते!

नवा कागद एकाच पानाचा केला. वर नाव, पत्ता, फोन आणि कोणत्या जागेसाठी अर्ज आहे ते. वर्ण, उंची, मामा सारे काढले. मधली नोंद अशी लिहिली : '२००८ ते २०२४ : कौटुंबिक जबाबदारीमुळे नोकरी केली नाही. या काळात २०१५ पासून १२ सदस्यांच्या महिला बचत गटाची सचिव. रोजकीर्द, कर्ज खतावणी व इतिवृत्त स्वतः लिहिते. बँकेची तीन कर्जे पूर्ण फेड.' त्याखाली पतसंस्थेची दोन वर्षे, मग शिक्षण. सासूबाईंचे आजारपण लिहू दिले नाही. ताई थोड्या नाराज झाल्या, पण दया मागणारा कागद बाजूला ठेवला जातो असे आमचे मत आहे. संगणकाच्या रकान्यात मात्र लिहिण्यासारखे काही नव्हते, तेव्हा एमएस-सीआयटीला नाव घालून 'शिकत आहे' असे खरे तेच लिहिले.

एक गोष्ट मात्र घाईची आहे, ती वयाची. राज्य शासनाच्या सरळसेवा भरतीत सर्वसाधारणपणे खुल्या प्रवर्गास ३८ आणि मागासवर्गीयांस ४३ ही कमाल मर्यादा आहे. अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना २०२३ पासून बारावी उत्तीर्ण ही अट असून वय १८ ते ३५, विधवा महिलांस ४० पर्यंत. बँकांच्या लिपिक भरतीत २८ वर्षे, अनुसूचित जाती-जमातींस ३३. मात्र विधवा, घटस्फोटित आणि कायद्याने विभक्त झालेल्या, पुनर्विवाह न केलेल्या महिलांस ३५, आणि अनुसूचित जाती-जमातीच्या असल्यास ४० पर्यंत सवलत. ही सवलत अनेकींना ठाऊकच नसते. मुले मोठी झाल्यावर पाहू म्हणणाऱ्या भगिनींनी जन्मतारखेशी हा हिशेब आजच करून पाहावा. जातीचा दाखला व पडताळणीही लग्नाआधीच करून घेतलेली बरी, कारण सासरहून माहेरचे जुने कागद गोळा करणे किती अवघड, हे सांगायला नको.

मुलाखतीत ताईंना अपेक्षित प्रश्न आला, इतकी वर्षे काय केले? त्यांनी पिशवीतून बचत गटाची रोजकीर्द काढून टेबलावर ठेवली. समोरच्यांनी चार पाने उलटली, एका पानाची बेरीज करूनही पाहिली. जागा एका तरुण मुलीला मिळाली. कागद मात्र शाळेने ठेवून घेतला होता. जून २०२५ मध्ये प्रवेशाची गर्दी सुरू झाली तेव्हा फी घेण्यासाठी ताईंना तीन महिन्यांकरिता बोलावले, आणि नंतरही ठेवून घेतले. मागल्या रविवारी त्या पुन्हा आल्या होत्या. कागदात 'जून २०२५ पासून' ही ओळ सर्वांत वर घालायची होती, आणि एमएस-सीआयटीपुढचे 'शिकत आहे' खोडून 'उत्तीर्ण' लिहायचे होते.