सुघटन शस्त्रक्रिया : रुग्णांचे प्रश्न व आमची उत्तरे

सुघटन शस्त्रक्रिया म्हणजेच प्लॅस्टिक सर्जरी. या विषयासंबंधी बाह्यरुग्ण विभागात आम्हांस दररोज अनेक प्रश्न विचारले जातात. प्रश्न बहुधा तेच असतात. परंतु गर्दीच्या वेळी प्रत्येकास सविस्तर उत्तर देता येतेच असे नाही. म्हणून रुग्ण, त्यांचे कुटुंबीय, तसेच या कार्यास हातभार लावणारे देणगीदार व विश्वस्त यांच्यासाठी नेहमीच्या काही प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र देत आहोत.

या शस्त्रक्रियेत प्लॅस्टिक वापरतात का?

नाही. 'आकार देणे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव पडले आहे. काही मोजक्या शस्त्रक्रियांत सिलिकॉनसारखे कृत्रिम पदार्थ वापरले जातात. एरवी रुग्णाचीच त्वचा, स्नायू, कूर्चा किंवा हाड उपयोगात आणले जाते.

ही विद्या आपल्याकडे परकी नाही. सुश्रुतसंहितेत नाक घडविण्याची कृती दिलेली आहे. टिपू सुलतानाच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानावर पुण्यात एका स्थानिक कारागिराने कपाळाची त्वचा वळवून नवे नाक बसविले. तो वृत्तांत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये १७९४ साली छापला गेला आणि त्यावरून स्फूर्ती घेऊन जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये इंग्लंडमध्ये तशी शस्त्रक्रिया केली. कावसजीस नाक मिळाले, पण कपाळावर वण राहिला. एका जागेचे उचलून दुसऱ्या जागेस द्यावयाचे, हे या शास्त्राचे मूळ सूत्र आजही तेच आहे.

गरजेची शस्त्रक्रिया कोणती आणि हौसेची कोणती?

जन्मजात व्यंग, भाजणे, अपघात किंवा कर्करोग यांमुळे बिघडलेले कार्य व रूप पूर्ववत करण्यासाठी केलेली ती पुनर्रचनात्मक शस्त्रक्रिया. मूळचे निरोगी अवयव अधिक सुबक करण्यासाठी केलेली ती सौंदर्यवर्धक शस्त्रक्रिया. मात्र ही सीमारेषा प्रत्यक्षात पुसट असते. गालावरील भाजल्याच्या वणाने खाण्यापिण्यास अडथळा होत नसेल. पण त्यामुळे एखादी मुलगी शाळा सोडून घरी बसली असेल, तर त्या उपचारास हौस म्हणणे आम्हांस योग्य वाटत नाही.

वण पूर्णपणे नाहीसा होईल का?

याचे प्रामाणिक उत्तर 'नाही' असे आहे. जेथे पूर्ण जाडीची त्वचा कापली वा भाजली जाते, तेथे वण राहतोच. शस्त्रक्रियेने रुंद वण अरुंद करता येतो, खेचलेला वण सैल करता येतो, त्याची दिशा बदलून तो त्वचेच्या नैसर्गिक रेषेत लपविता येतो. परंतु वण पुसून टाकण्याचे वचन कोणी देत असल्यास सावध राहावे.

शस्त्रक्रिया केव्हा करावी?

दुभंगलेल्या ओठाची शस्त्रक्रिया साधारणतः बाळ ३ ते ६ महिन्यांचे असताना व टाळूची ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान करतात. टाळूस फार उशीर झाल्यास बोलणे गेंगाणे राहण्याचा संभव वाढतो. येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. गरोदरपणी ग्रहण न पाळल्यामुळे असे मूल होते, या समजुतीपायी कित्येक मातांना दोष दिला जातो. ग्रहणाचा या व्यंगाशी काहीही संबंध नाही.

भाजल्यानंतरचा वण मात्र सहसा वर्षभर तरी पिकू द्यावा लागतो. याला अपवाद आहेत. पापणी ओढली जाऊन डोळा मिटत नसेल, तर बुबुळास इजा होऊ शकते. तेथे थांबता येत नाही.

कोणते धोके संभवतात?

भुलीचे धोके, रक्तस्राव, जंतुसंसर्ग, लावलेली त्वचा न धरणे हे कोणत्याही मोठ्या शस्त्रक्रियेत संभवतात. काही व्यक्तींमध्ये वण जाड होतो किंवा मूळ जखमेच्या कडेपलीकडे वाढत जातो. यास केलॉइड म्हणतात. पूर्वी कान टोचल्यावर अथवा लस घेतल्यावर अशी गाठ झाली असल्यास ती डॉक्टरांना अवश्य दाखवावी.

तंबाखू, विडी-सिगारेट आणि मशेरी यांतील निकोटिनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात व नव्या त्वचेस रक्त कमी पोचते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर किमान ४ आठवडे ती पूर्णपणे बंद हवीत. मशेरीची सवय सांगावयास स्त्रिया संकोचतात. कृपया संकोच करू नये. मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ करणारी औषधे, तसेच काढे व जडीबुटी यांचीही माहिती द्यावी.

बरे होण्यास किती दिवस लागतात?

चेहऱ्यावरील टाके सामान्यतः ५ ते ७ दिवसांत काढतात. त्वचारोपणात मांडीची पातळ त्वचा घेतली असल्यास ती जागा सुमारे २ आठवड्यांत भरून येते. परंतु टाके निघाले म्हणजे उपचार संपला, असे समजू नये. पहिले काही महिने वण लाल व कडक दिसतो; पुष्कळदा तो आधीपेक्षा वाईट दिसतो आणि घरची मंडळी धास्तावतात. तो मऊ व फिका होण्यास १२ ते १८ महिने लागतात. लग्न महिन्यावर आले असता वण 'घालवून' देण्याचा आग्रह धरणाऱ्यांस आमचे म्हणणे पटत नाही, त्याचे कारण हेच.

भाजल्यामुळे आखडलेली मान, काख किंवा बोटे मोकळी केल्यावर पुढील काही महिने स्प्लिंट बांधणे, रोज व्यायाम करणे आणि सांगितल्यास दाबाचे घट्ट कपडे दिवसाचे सुमारे २३ तास घालणे आवश्यक असते. उन्हाळ्यात हे कपडे नकोसे होतात, मूल रडते, शेजारीपाजारी हळहळतात; मग ते एक दिवस काढून ठेवले जातात. अशा वेळी लावलेली त्वचा पुन्हा आकसू लागते आणि शस्त्रक्रियेने मिळविलेले यश हातचे जाते.

खर्चाचे काय?

केवळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्य विमा साधारणतः देत नाही. पुनर्रचनात्मक शस्त्रक्रियेसाठी मात्र शासकीय योजनांचा आधार मिळू शकतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत जळित व सुघटन शस्त्रक्रियांचा समावेश आहे. राज्यातील धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. शिधापत्रिका व उत्पन्नाचा दाखला घेऊन समाजसेवा विभागात प्रथम चौकशी करावी.

देणगीदारांस व कुटुंबीयांस विनंती

शस्त्रक्रियेचा खर्च सर्वांच्या नजरेत भरतो आणि त्यासाठी मदतही मिळते. परंतु दाबाचे कपडे झिजतात, वाढत्या वयाच्या मुलास ते पुन्हा नवे शिवावे लागतात, व्यायामासाठी गावाहून यावयाचे तर एसटीचे भाडे आणि आईचा रोज बुडतो. या खर्चास सहसा कोणी वाली नसतो. देणगी देताना त्याचाही विचार व्हावा.

आणि रुग्णांच्या घरच्यांस एवढेच सांगणे, की शस्त्रक्रियेचे काही तास आमच्या हाती असतात. पुढचे वर्ष तुमच्या हाती असते. ठरलेल्या तारखेस यावे, वण बरा दिसत असला तरी यावे, आणि कपडे घालणे मध्येच सुटले असेल तर ते सांगण्यासाठी तरी जरूर यावे.