अजिंक्य कोणास म्हणावें?

मल्लविद्येची आवड वऱ्हाडास नवी नाहीं. अमरावतीस १९१४ सालीं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना झाली, व त्याच मंडळाच्या पथकानें १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगीं कबड्डीसारख्या देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें जगास दाखविलीं. अकोल्यास शासनाच्या क्रीडा प्रबोधिनींत मुष्टियुद्धाचें शिक्षण मिळतें. आणि नागपूरच्या अल्फिया पठाण ह्यांनीं २०२१ सालीं पोलंडमध्यें युवा गटाचें जागतिक सुवर्णपदक मिळविलें. तेव्हां जगांतील थोर मुष्टियोद्धा कोण, हा वाद आपल्या शाळांच्या पटांगणांतही रंगावा हें साहजिकच आहे. मात्र ह्या वादाचा निवाडा बहुधा एकाच आकड्यावर होतो. ज्याचे पराभव कमी तो मोठा, आणि ज्याचा पराभवच नाहीं तो सर्वांत मोठा! हा निवाडा कितपत खरा आहे, तें ह्या लेखांत आम्ही पाहणार आहों.

प्रथम तीन जगज्जेत्यांची व्यावसायिक कारकीर्द आंकड्यांत मांडूं.

रॉकी मार्सियानो (१९४७ ते १९५५): लढती ४९, विजय ४९, पराभव ०, नॉकआऊट ४३.
महंमद अली (१९६० ते १९८१): लढती ६१, विजय ५६, पराभव ५, नॉकआऊट ३७.
फ्लॉइड मेवेदर (१९९६ ते २०१७): लढती ५०, विजय ५०, पराभव ०, नॉकआऊट २७.

नुसते विजय-पराभव पाहिले तर मेवेदर पहिला, मार्सियानो दुसरा व अली तिसरा ठरतो. आतां एकंदर लढतींपैकीं शेंकडा किती लढती नॉकआऊटनें जिंकल्या, याचा हिशेब करा. मार्सियानोच्या सुमारें ८८, अलीच्या ६१ व मेवेदरच्या ५४ येतात. पहिला होता तो शेवटीं गेला! उलट, मेवेदरनें पांच निरनिराळ्या वजनगटांत अजिंक्यपदें मिळविलीं, तीं बाकीच्या दोघांकडे नाहींत; ते दोघेही एकाच, म्हणजे अवजड गटांत खेळले. त्यांतही मार्सियानोचें वजन सुमारें ८४ किलो असे, आणि एवढ्या वजनाचा योद्धा हल्लीच्या वर्गवारींत अवजड गटाच्या खालीं मोडतो. म्हणजे प्रश्न बदलला कीं क्रमही बदलतो.

आपल्याकडे जत्रेंतील कुस्त्यांचा फड भरला म्हणजे जाणते प्रेक्षक पहिलवानानें किती कुस्त्या मारल्या हें आधीं विचारीत नाहींत. त्याची जोड कोणाशीं लागली होती, हें विचारतात. हाच प्रश्न वरील कोष्टकास विचारूं. मेवेदरची पन्नासावी लढत ऑगस्ट २०१७ मध्यें कॉनर मॅकग्रेगरशीं झाली. मॅकग्रेगर दुसऱ्या एका द्वंद्वप्रकारांतील नामांकित खेळाडू खरा. परंतु व्यावसायिक मुष्टियुद्धांतील ही त्याची पहिलीच लढत होती. मार्सियानोनें १९५१ सालीं जो लुई याजवर विजय मिळविला, तेव्हां लुईचें वय ३७ वर्षांचें होतें. पण पुढल्याच वर्षीं त्यानें जर्सी जो वॉलकॉटकडून अजिंक्यपद घेतलें, ती लढत निराळी. तींत पहिल्याच फेरींत तो खालीं पडला, गुणांतही मागें राहिला आणि अखेर तेराव्या फेरींत विजयी झाला. कोष्टकांत मात्र ह्या तिन्ही विजयांची किंमत सारखीच, म्हणजे एक!

विजयांची ही गोष्ट झाली; आतां पराभवांकडे वळूं. वर ज्याचा उल्लेख आला तो जो लुई आपल्या कारकीर्दींत तीन वेळां हरला. पहिला पराभव १९३६ सालीं मॅक्स श्मेलिंगकडून झाला, तेव्हां लुई जगज्जेता झालेला नव्हता. १९३७ सालीं त्यानें अजिंक्यपद मिळविलें, १९३८ सालीं त्याच श्मेलिंगला पहिल्याच फेरींत गारद केलें, आणि एकंदर २५ वेळां आपलें पद राखून १९४९ सालीं तो निवृत्त झाला. पुढें कराच्या देण्यामुळें त्यास पुन्हा रिंगणांत उतरावें लागलें, आणि १९५० व १९५१ सालीं उरलेले दोन पराभव पदरीं आले. जवळजवळ बारा वर्षें जगज्जेता असतांना जो एकदांही हरला नाहीं, त्यास केवळ त्या तीन आंकड्यांवरून कमी लेखणें न्यायाचें होईल काय?

अलीचे पांच पराभवही असेच वाचावयास हवेत. व्हिएतनामच्या युद्धासाठीं सैन्यांत जाण्याचें नाकारल्यामुळें १९६७ पासून साडेतीन वर्षें त्यास लढूं दिलें गेलें नाहीं. त्यानंतर १९७१ सालीं जो फ्रेझरनें, १९७३ सालीं केन नॉर्टननें व १९७८ सालीं लिऑन स्पिंक्सनें त्यास हरविलें. परंतु ह्या तिघांशींही तो पुन्हा लढला आणि तिघांनाही त्यानें जिंकलें. शेवटचे दोन पराभव १९८० व १९८१ सालचे, वयाच्या अडतिसाव्या व एकोणचाळिसाव्या वर्षींचे. ज्यानें हरविलें त्याच्याचपुढें पुन्हा उभें राहण्याची ही हिंमत कोष्टकाच्या कोणत्याच रकान्यांत दिसत नाहीं.

जी लढत झालीच नाहीं, तीही कोष्टकांत दिसत नाहीं. जॅक डेम्प्सी १९१९ ते १९२६ पर्यंत जगज्जेता होता. त्या काळीं हॅरी विल्स हा कृष्णवर्णीय योद्धा वर्षानुवर्षें अजिंक्यपदाच्या लढतीची वाट पाहत राहिला. पण वर्णभेदाच्या त्या काळांत ती लढत कधींच झाली नाहीं.

आपल्या देशांतील उदाहरण मेरी कोम ह्यांचें आहे. २००२, २००५, २००६, २००८, २०१० व २०१८ ह्या सालीं त्यांनीं जागतिक स्पर्धेंत सुवर्णपदकें मिळविलीं. त्यांपैकीं शेवटचीं तीन, २००७ सालीं जुळ्या मुलांची माता झाल्यानंतरचीं होत. २०१२ सालीं लंडन ऑलिंपिकमध्यें स्त्रियांच्या मुष्टियुद्धास प्रथमच स्थान मिळालें. परंतु तेथें ५१, ६० व ७५ किलो असे तीनच गट होते. ४८ किलोंच्या गटांत खेळणाऱ्या मेरी कोम ह्यांस आपल्याहून थोर अंगाच्या प्रतिस्पर्ध्यांशीं लढावें लागलें, व त्यांनीं कांस्यपदक मिळविलें. धातू पाहिला तर कांसें सोन्याहून हलकें. पण वजनगट पाहणारास हें कांसें हलकें वाटणार नाहीं.

आणखी एक रकाना ह्या कोष्टकांत नाहीं, आणि पालकांनीं तो अवश्य आठवावा. तो म्हणजे खाल्लेल्या ठोशांचा. नोव्हेंबर १९८२ मध्यें दक्षिण कोरियाचा डूक कू किम हा तरुण अजिंक्यपदाच्या लढतींत चौदाव्या फेरींत कोसळला व कांहीं दिवसांनीं मरण पावला. त्यानंतर पंधरा फेऱ्यांच्या लढती बारा फेऱ्यांवर आणण्यांत आल्या. कोष्टकांतील प्रत्येक नॉकआऊट म्हणजे कोणाच्या तरी मस्तकावर वा देहावर बसलेला आघात असतो. म्हणून योग्य शिक्षक, शिरस्त्राण व वैद्यकीय तपासणी ह्यांवांचून कोणीही ह्या खेळाच्या वाटेस जाऊं नये. आणि मस्तकास मार लागला असतां तो लपवून ठेवण्यांत कसलेंही शौर्य नाहीं.

तेव्हां विद्यार्थिमित्रहो, यापुढें कोणाचीही कारकीर्द तुमच्यापुढें आली तर पांच प्रश्न विचारा: जोड कोणाशीं होती? दोघांचें वय व वजन काय होतें? नियम कोणते व फेऱ्या किती होत्या? कोणती लढत टळली, आणि कोणाच्या इच्छेनें? हरल्यावर त्या योद्ध्यानें काय केलें?

हे प्रश्न केवळ परदेशच्या जगज्जेत्यांसाठीं नाहींत. अकोल्याच्या वा अमरावतीच्या जिल्हास्पर्धेंत पहिल्याच फेरींत हरून मुलगा किंवा मुलगी घरीं येते, तेव्हां “जिंकलास कीं हरलास?” एवढेंच आम्ही वडील मंडळी विचारतों. त्या एका प्रश्नाच्या धाकानें कित्येक मुलें पुढच्या वर्षीं नांवच देत नाहींत, आणि कित्येक आपल्याहून दुबळी जोड शोधूं लागतात. त्यांची पाटी कोरी राहते, पण विद्या तेथेंच थांबते. त्यापेक्षां मुलांनीं एक वही ठेवावी. तींत प्रतिस्पर्ध्याचें वजन, त्याचा अनुभव, आपला कोणता बचाव उघडा पडला व पुढील महिन्यांत कशाचा सराव करावयाचा, हें प्रत्येक लढतीनंतर लिहावें. पालकांनीं आधीं ती वही पहावी आणि मग निकाल विचारावा.