शरदातील पाखरे आणि रब्बीचे पीक

पाऊस सरून आश्विन-कार्तिकाचे दिवस आले, की शिवारात पाखरांची वर्दळ वाढते. बारमाही राहणाऱ्या कोतवाल, साळुंकी व वेड्या राघूच्या जोडीला उत्तरेकडील पाहुणे येतात. पाण्याकाठी शेपटी हालवीत फिरणारा धोबी, माळावर घिरट्या घालणारा भोवत्या व मध्य आशियातून थव्यांनी येणाऱ्या भोरड्या हे त्यांपैकी प्रमुख होत.

पाखरू म्हणजे पिकाचा वैरी, हा समज सरसकट खरा नाही. कोतवाल उडते किडे टिपतो; गायबगळे व साळुंक्या नांगरामागे अळ्या वेचतात. भोरड्या नाकतोडे फस्त करतात. परंतु ज्वारी चिकात आली, की त्याच कणसांवर उतरतात. म्हणून पक्षी कोणता, एवढेच पाहून भागत नाही. तो काय खातो व केव्हा खातो, हेही पाहिले पाहिजे.

निरीक्षणाची रीत सोपी आहे. आठवड्यातून एकदा, सूर्योदयानंतर तासभर, विहीर, बांध, ओढा व गावची आमराई अशा ठरलेल्या वाटेने सावकाश फिरावे. तारीख, पक्षी, संख्या, पीक व खाद्य यांची वहीत नोंद ठेवावी.

गव्हाणी घुबडाला अशुभ मानून हाकलतात. वस्तुतः उंदीर हे त्याचे मुख्य भक्ष्य. न पचलेली हाडे व केस तो गोळीच्या रूपाने ओकून टाकतो. पडक्या वाड्यात त्याच्या बैठकीखाली अशा गोळ्या सापडतात. त्या फोडल्यास उंदरांच्या कवट्या दिसतात. संशयी शेतकऱ्यास हा पुरावा प्रत्यक्ष दाखवावा. विष खाल्लेला उंदीर घुबडाच्या पोटात गेल्यास त्यालाही धोका असतो. म्हणून मेलेले उंदीर गोळा करून पुरावेत.

हरभरा ठेंगणा असल्याने त्यात पाखरांना बसण्यास जागा नसते. एकरी सुमारे २० ठिकाणी, पिकाहून हात-दीड हात उंच व वर आडवी काठी बांधलेले पक्षिथांबे रोवावेत. त्यांवर बसून कोतवाल व साळुंक्या घाटेअळी टिपतात. अळ्या मोजूनच फवारणीचा निर्णय घ्यावा. अनावश्यक विषाने हे मदतनीसही दुरावतात. ज्वारीत मात्र दाणा भरू लागताच थांबे काढून राखण सुरू करावी.

मारुती चितमपल्ली व डॉ. सलीम अली यांच्या जन्मदिनांना जोडून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षिसप्ताह महाराष्ट्रात २०२० पासून साजरा होतो. ग्रामसेवकांनी त्या आठवड्यात शाळेतील मुलांसह शिवारफेरी काढून गावची पहिली नोंदवही सुरू करावी.