ध्वनिफितींतील ओव्या वेगळ्या कशा कराव्या?

पिठाची गिरणी गांवोगांवीं आली आणि घरोघरचें जातें अडगळींत पडलें. दळणाचे कष्ट सरले हें उत्तमच झालें. त्याबद्दल कोणीं हळहळूं नये. परंतु ते कष्ट सोसतांना बायकांनीं ज्या ओव्या रचिल्या, लेकीसुनांस शिकविल्या, त्याहि जात्याबरोबर अडगळींत जाव्या हें कांहीं योग्य नव्हे. आमच्या नायगांवच्या परिसरांत ज्यांना ओव्या मुखोद्गत आहेत अशा स्त्रिया आतां वृद्ध झाल्या आहेत. कित्येक घरांत त्यांचा आवाज जुन्या कॅसेटवर किंवा मोबाइलमध्यें सांठविलेला असतो. पण पाऊण तास सलग चाललेल्या मुद्रणांतून माहेरची एक ओवी काढावयाची, तर सगळें मुद्रण ऐकत बसावें लागतें; आणि तेवढा धीर फार थोड्यांस असतो. म्हणून अशा लांब मुद्रणाचे विभाग कसे पाडावे, याचा विचार येथें करूं.

ओव्या जपण्याचें काम मोठ्या प्रमाणावर आपल्याच महाराष्ट्रांत झालेलें आहे. पुण्याच्या हेमा राईरकर व मूळचे फ्रान्सचे गी पॉइतवाँ यांनीं सहकाऱ्यांसह हजाराहून अधिक गांवांतील स्त्रियांकडून एक लाखावर ओव्या मिळविल्या. फ्रेंच संगीतज्ञ बर्नार्ड बेल यांनीं त्या कामास संगणकाची जोड दिली. पुढें २०१७ सालापासून ‘पारी’ या संस्थेनें त्या ओव्या प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. तेथें ओवीबरोबर गाणारीचें नांव, तिचें गांव व ओवीचा विषय दिलेला आढळतो. एवढा मोठा संग्रह उपयोगी पडतो तो या व्यवस्थेमुळेंच.

आतां कृति पाहूं. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटें चालते. टेपरेकॉर्डरची तार संगणकास जोडून ती एकदां पूर्ण वाजवावी व ‘ऑडॅसिटी’सारख्या प्रोग्रॅमांत उतरवून घ्यावी. हा प्रोग्रॅम २००० सालीं प्रथम प्रसिद्ध झाला व तो विनामूल्य मिळतो. सेकंदास ४४,१०० नमुने व प्रत्येक नमुना १६ बिटांचा, अशा रीतीनें एका वाहिनीचें मुद्रण केल्यास मिनिटास सुमारें ५.३ मेगाबाइट, म्हणजे ४५ मिनिटांस सुमारें २४० मेगाबाइट जागा लागते. ही मूळ फाइल ‘वेव्ह’ प्रकारांत जशीच्या तशी जपावी, तिला कात्री लावूं नये. पुढील सर्व काम तिच्या दुसऱ्या प्रतीवर करावें. पूर्वीं मोठ्या चक्रावरील फीत पात्यानें प्रत्यक्ष कापून जोडीत असत. तेव्हां एक चुकीचा काप फार महाग पडे. आतां मूळ शाबूत ठेवून हवे तितके प्रयोग करतां येतात.

पडद्यावर आवाज रेषेच्या रूपानें दिसतो. गाणें चालूं असतां रेषा फुगते, शांतता असतां ती बारीक होते. ओवीचा आरंभ व शेवट कानानें ऐकून तेवढा भाग निवडावा, ‘कंट्रोल’ व ‘बी’ हीं बटणें एकत्र दाबावीं आणि उमटलेल्या लेबलांत ओवीचें नांव लिहावें. निवड केल्यावर ‘झेड’ दाबल्यास तिच्या कडा आवाजाची लाट शून्यावर येते तेथें सरकतात. लाट मध्येंच तुटल्यास ‘टक्’ असा आवाज येतो, तो त्यामुळें टळतो. अशा खुणा शेवटपर्यंत करीत जावें. मग ‘एक्स्पोर्ट’ करतांना लेबलांप्रमाणें अनेक फाइली करण्याचा पर्याय निवडला म्हणजे प्रत्येक ओवीची निराळी फाइल तयार होते. नांवाच्या आरंभीं ०१, ०२ असे दोन आंकडे घालावे. नाहींतर कित्येक यंत्रांत दहावी ओवी दुसरीच्या आधीं जाऊन बसते.

शांतता आपोआप हुडकून खुणा करणारी ‘लेबल साउंड्स’ नांवाची सोयहि या प्रोग्रॅमांत आहे. आवाजाची पातळी आणि शांततेची किमान लांबी तिला सांगावी लागते. व्याख्यानास ती चांगली उपयोगी पडते. ओवीस मात्र बेताचीच. जातें फिरत असतां त्याची घरघर थांबत नाहीं, तेव्हां यंत्रास शांतता सांपडतच नाहीं. उलट, जात्यावांचून गाणारी आजी ओळीच्या मध्यें श्वास घेते, कीं यंत्र तेथेंच ओवी संपली असें समजतें. शिवाय गातांना ओळ पुन्हां पुन्हां घोळविली जाते, मध्येंच ‘गं बाई’ येतें. लिहिल्यावर दोन ओळींची ओवी गातांना बरीच लांबते. पुनरुक्ति कोणती व नवी ओवी कोणती, हें जिला ती येते तिलाच विचारावें. आमच्या भागापासून तेलंगणाची सीमा दूर नाहीं. एखादा शब्द तेलुगूहि असावयाचा. तो समजला नाहीं म्हणून गाळूं नये.

दोन ओव्यांमध्यें जें बोलणें होतें, तें टाकून देण्याचा मोह होतो. परंतु “ही माझ्या आईची”, “ही थोरली नांदावयास गेली तेव्हांची” अशीं वाक्यें तेथेंच असतात. तीं गेलीं तर ओवी राहते, पण ती कोणाची हें कळेनासें होतें. म्हणून बोलण्यासहि स्वतंत्र लेबल द्यावें. एका वहींत फाइलीचा क्रमांक, गाणारीचें नांव, गांव, मुद्रणाची तारीख आणि मूळ मुद्रणांतील मिनिट व सेकंद टिपून ठेवावे. आणखी एक गोष्ट विसरूं नये. ओवींत सासरमाहेरचीं खरीं दुःखें सांगितलेलीं असतात. तीं जात्यास सांगितलीं, जगास नव्हे. म्हणून बाहेर कोणास ऐकविण्यापूर्वीं गाणारीची संमति अवश्य घ्यावी.

विद्यार्थिमित्रांनो, पुढच्या सुटींत घरची एक फीत हातीं घ्या. पालकांसहि आमची विनंति आहे कीं, त्यांनीं मुलांबरोबर तासभर बसावें. संगणक मुलांस येतो, ओव्या आजीस येतात. हें काम एकट्यानें होणारें नव्हे. फीत दिवसेंदिवस जीर्ण होते, आणि तिच्यांतील शब्द समजावून सांगणारें माणूसहि नेहमींच आपल्याजवळ असतें असें नाहीं. जें विचारावयाचें तें आजच विचारून घ्यावें.