वाटेवरचे सोबती

आज मोटारीने दूरच्या प्रवासाला निघायचे म्हटले, तर कोणाला त्याचे विशेष नवल वाटत नाही. रस्ते बांधलेले असतात, वाटेत पेट्रोल मिळते आणि गाडी नादुरुस्त झाली, तर कारागीरही भेटतो. 1927 साली परिस्थिती अगदी निराळी होती. पृथ्वीच्या फार मोठ्या भागात मोटारीला योग्य असा रस्ताच नव्हता. अशा काळी एका जर्मन तरुणीने मोटारीने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याचा संकल्प सोडला. तिचे नाव क्लेरेनोर स्टिनेस.

क्लेरेनोरचा जन्म 1901 साली एका धनाढ्य उद्योगपतीच्या घरी झाला. मोटार चालविण्यात ती निष्णात होती. अनेक शर्यती तिने जिंकल्या होत्या. 1924 साली तिचे वडील निवर्तले. तिच्या या धाडसी बेताला घरातून पैसा मिळेना. परंतु ती खचली नाही. निरनिराळ्या कारखानदारांना भेटून तिने प्रवासाचा खर्च उभा केला. मोटार मिळाली ती आड्लर या कारखान्याची. ‘आड्लर’ या जर्मन शब्दाचा अर्थ गरुड. मात्र ही गाडी काही खास बनविलेली नव्हती. बाजारात विकली जाई तशीच ती होती. सोबत सामानाची एक मालमोटार आणि दोन यंत्रकारागीर होते. प्रवासाचे चित्रीकरण करण्यासाठी कार्ल-आक्सेल सोडरस्ट्रॉम नावाचा एक स्वीडिश छायाचित्रकार नेमला होता. निघण्यापूर्वी अवघे दोन दिवस आधी त्या दोघांची प्रथम भेट झाली!

25 मे 1927 रोजी फ्रँकफर्ट शहरातून ही मंडळी निघाली. बाल्कन देश, दमास्कस, बगदाद, तेहरान असा मार्ग आक्रमीत ती मॉस्कोला पोहोचली. वाटेतले कष्ट असह्य होऊन यंत्रकारागिरांनी एकामागून एक साथ सोडली. आता उरली क्लेरेनोर आणि उरला सोडरस्ट्रॉम. चित्रे घेण्यासाठी आलेल्या त्या मनुष्याला आता मालमोटार हाकावी लागली, चिखलात रुतलेली चाके खांदा लावून काढावी लागली. परत फिरण्याची वाट त्यालाही मोकळी होती. पण तो फिरला नाही.

पुढे सायबेरियातील हिवाळा आडवा आला. बैकल हे जगातील सर्वांत खोल सरोवर. त्याची खोली 1,600 मीटरांहून अधिक आहे. ते गोठेपर्यंत दोघांना इर्कुट्स्क येथे थांबणे भाग पडले. पाण्यावर पुरेसा जाड बर्फ धरल्यावर त्यांनी आपल्या गाड्या त्या बर्फावर घातल्या. थंडीने बर्फाला तडे जातात, तेव्हा तोफेसारखा आवाज होतो. खाली अथांग पाणी आणि वर मोटारीचे ओझे! एखादी भेग रुंदावली असती, तर सारेच संपले असते. तरीही मन स्थिर ठेवून त्यांनी पैलतीर गाठला.

त्यानंतर गोबीचे वाळवंट लागले. वाळवंट म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे तापलेली वाळू उभी राहते. गोबी तसे नाही. त्याचा बराचसा भाग खडे आणि खडक यांचा आहे व हिवाळ्यात तेथे कडाक्याची थंडी पडते. दक्षिणेकडील उंच पर्वत आणि तिबेटचे पठार पावसाचे वारे अडवितात. म्हणून हा प्रदेश कोरडा राहिला आहे. क्षितिजापर्यंत पसरलेल्या त्या ओसाड माळावर दिशा चुकणे म्हणजे प्राणाशी गाठ. तो माळ ओलांडून ही जोडी पेकिंगला, म्हणजे आजच्या बीजिंगला, पोहोचली आणि पुढे जपानमार्गे सागर पार करून अमेरिकेच्या किनाऱ्यास लागली.

खरी कसोटी तर पुढेच होती. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाचा किनारा पाहून माणूस चकित होतो. एका बाजूस अफाट समुद्र आणि दुसऱ्या बाजूस रखरखीत वाळवंट! समुद्रातील थंड प्रवाहामुळे किनाऱ्यावरची हवा गार राहते, ती वर चढत नाही आणि त्यामुळे पाऊस पडत नाही. पूर्वेस अँडीज पर्वत भिंतीसारखा उभा आहे. तिकडून येणारी वाफही तो अडवून धरतो. या वाळूत मोटारीची चाके पुनःपुन्हा रुतत. जवळचे पाणी संपत आले आणि तहानेने दोघांचे प्राण कंठाशी आले.

वाळवंट सरले, तेव्हा पर्वत सुरू झाला. सूर्य मावळताना सोनेरी होणारी शिखरे, खोल दऱ्या आणि वर निरभ्र आकाश! ते सौंदर्य पाहावे, तर पुढे रस्ता नाही. जेथे खडक आडवा येई, तेथे तो सुरुंगाने फोडावा लागे. जेथे चढ आवरत नसे, तेथे गावकरी दोरखंड बांधून गाडी ओढीत. उंचावर हवा विरळ असते. माणसाला जशी धाप लागते, तशीच मोटारीच्या इंजिनालाही, कारण इंधन जळण्यास लागणारा प्राणवायू तेथे कमी मिळतो. अशा स्थितीत सुमारे 3,600 मीटर उंचीवरील ला पाझ नगरी त्यांनी गाठली.

पुढे उत्तर अमेरिका पार करून ते वॉशिंग्टनला आले. राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांनी त्यांचे स्वागत केले. 24 जून 1929 रोजी बर्लिन शहरात त्यांची मोटार थांबली, तेव्हा 46,758 किलोमीटरांचा प्रवास पुरा झाला होता. पृथ्वीचा परीघ सुमारे 40,000 किलोमीटर आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या अंतराची कल्पना येते.

1930 साली क्लेरेनोर आणि सोडरस्ट्रॉम विवाहबद्ध झाले आणि स्वीडनमध्ये शेती करून राहू लागले. काही वर्षांपूर्वीपर्यंत एकमेकांना कधी न भेटलेली ही दोन माणसे प्रवासाच्या आरंभी केवळ मालकीण आणि नोकर होती. परंतु बर्फावर, वाळूत आणि कड्यांवर कोणी मालक नसतो, कोणी नोकर नसतो. तेथे एकाचा हात निसटला, तर दुसऱ्याने तो धरायचा असतो. सुखाच्या वाटेवर सोबती पुष्कळ मिळतात; संकटातही जो पाठ फिरवीत नाही, तोच खरा सोबती.

शब्दार्थ
निष्णात – तरबेज. निवर्तणे – मरण पावणे. मार्ग आक्रमणे – वाट चालून जाणे. पैलतीर – पलीकडचा काठ. प्राण कंठाशी येणे – अत्यंत व्याकूळ होणे.

स्वाध्याय
1. यंत्रकारागीर निघून गेल्यावर सोडरस्ट्रॉमवर कोणती कामे येऊन पडली?
2. गोबी आणि पेरूचा किनारा हे दोन्ही प्रदेश कोरडे का आहेत? दोहोंच्या कारणांतील साम्य व भेद सांगा.
3. उंच पर्वतावर मोटारीचे बळ का कमी होते?
4. ‘कोणी मालक नसतो, कोणी नोकर नसतो’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
5. नकाशात या प्रवासातील फ्रँकफर्ट, बगदाद, मॉस्को, बीजिंग व ला पाझ ही स्थळे शोधा.